दोघींत अर्धं तिकीट

साताऱ्याच्या स्टँडवर बामणोलीची गाडी लागली की आत्या आधी टायरकडे बघते, मग ड्रायव्हरकडे, आणि मगच चढते. असं का, हे मी कधी विचारलेलं नाही. खिडकीची जागा तिची. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली आणि घडी केलेलं एक पोतं. पोतं बसायला. कासच्या पठारावर कुठंही बसलं तरी बूड ओलं होतं, हे तिला साठ वर्षांपासून माहीत आहे. मला माझी दुसरी सलवार भिजल्यावर कळलं.

कंडक्टर आला की ती आधार कार्ड अशा थाटात पुढं करते, जणू गाडी तिच्याच नावावर आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली 2022 साली, आणि पुढच्याच वर्षी बायकांना अर्धं तिकीट झालं. म्हणजे कासला जायचं तर आम्हा दोघींत मिळून एक अर्धं तिकीट. तिचं शून्य रुपयांचं तिकीट मशीनमधून निघतं, तेही ती घडी घालून कनवटीला लावते.

"अगं आत्या, ते फुकटचं आहे, टाकून दे."

"पैसं नाय घेतलं म्हणून काय झालं? तिकीट ते तिकीट."

मी औषधांच्या दुकानात कामाला आहे. माझी सुट्टी गुरुवारी. लोकांना याचं वाईट वाटतं, पण कासच्या बाबतीत गुरुवारसारखं भाग्य नाही. सप्टेंबरमधल्या शनिवार-रविवारी पठारावर माणसांची इतकी झुंबड उडते की दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालावी लागली. गाड्या लांब उभ्या करून मिनीबसने यायचं, तिकीट काढायचं, रांगेने पुढं सरकायचं. मीही पहिल्यांदा तशीच गेले होते, दुकानातल्या मंडळींबरोबर, रविवारी, कारने. पेपरात दरवर्षी 'फुलांचा गालिचा' असं छापून येतं, म्हणून गालिचा बघायला. दीड तास उभी राहिले, बारा फोटो काढले आणि सगळ्यांच्या मागं एक छत्री आली. संध्याकाळी आत्याला फोटो दाखवले तर ती म्हणाली, "गालिचा म्हणता तर त्याच्यावर चपला घालून कशाला गेला?"

तिथून आमचं गुरुवारचं सुरू झालं.

गाडी राजवाडा, समर्थ मंदिर करत यवतेश्वरच्या घाटाला लागते. चढ संपला की रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो, आणि एसटीची उंच खिडकी काय कामाची असते ते तेव्हा कळतं. उजव्या हाताला खाली कण्हेर धरणाचं पाणी, डाव्या हाताला उरमोडीचं. कारमधून यातलं अर्धंच दिसतं, कारण मधे कठडा येतो. पेट्रीच्या आसपास गाडीत चार शाळकरी पोरं चढतात, एखादी बाई रिकामी दुधाची किटली घेऊन उतरते, कुणाचं तरी पत्र्याचं पिंप ड्रायव्हरच्या शेजारी ठेवलेलं असतं. पुढं धुकं असेल तर ड्रायव्हर वायपर लावतो आणि मग बोलायचं थांबतो.

पंचवीसेक किलोमीटरवर आम्ही उतरतो. गाडी पुढं बामणोलीकडे, कोयना धरणाच्या पाण्याच्या काठाला, निघून जाते. तिचा आवाज वळणाआड जाईपर्यंत आत्या रस्त्यातच उभी असते, गाडीच्या मागच्या काचेकडे बघत. मग वळून म्हणते, "चल."

गाडी बामणोलीला जाऊन परत येईपर्यंतचा वेळ तेवढाच काय तो आमचा. घाई केली तरी लवकर जाता येत नाही आणि रेंगाळलो तर गाडी जाते. मला वाटतं, पठार बघायची खरी सोय हीच आहे. कारवाल्यांना कधीही निघता येतं, म्हणून ते निघतात.

आता थोडं पायाखालचं सांगते, कारण फुलांचं सगळं गणित तिथंच आहे. कासचं पठार बाराशे मीटर उंचीवर आहे आणि ते मातीचं नाही, जांभ्या कातळाचं आहे. काळा बसाल्ट हजारो-लाखो वर्षं पाऊस खात राहिला, त्यातलं विरघळण्यासारखं होतं ते वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं मागं उरलं. म्हणून त्याचा रंग गंजलेल्या पत्र्यासारखा, आणि अंगभर भोकं. त्यावर माती म्हणाल तर कुठं बोटाच्या पेराइतकी, कुठं तीही नाही. झाडानं मूळ धरायचं कशात? म्हणून पठारावर मधोमध झाडं नाहीत. आणि झाडं नाहीत, सावली नाही, म्हणून चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मरून जाणाऱ्या वीतभर रोपट्यांचं इथं फावलं. साडेआठशेच्या आसपास जाती सपुष्प वनस्पतींच्या सांगतात. माती सुपीक असती तर इथंही कुणीतरी स्ट्रॉबेरी लावली असती, आणि आपण बघायला गेलो नसतो.

मे महिन्यात याच पठारावर उतरलात तर काळपट भाजकं पटांगण दिसतं. मी एकदा मुद्दाम गेले होते. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "मॅडम, इथंच ना?" मधल्या खोलगट जागांत वाळकं शेवाळ पापुद्र्यासारखं सुटलं होतं. त्याच खळग्यांत तीन महिन्यांनी पाणी साचतं आणि वायतुरा येतो. हे फूल मला फार आवडतं, थोडं आपुलकीनंही: त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. पाण्यात पानं, आणि पाण्याबाहेर एकाच दांड्याला फुटलेले दोन तुरे, इंग्रजी वाय अक्षरासारखे, म्हणून वायतुरा. सह्याद्रीतल्या अशा मोजक्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, तो येतो, जगात दुसरीकडे नाही. एखादी गाडी त्या डबक्यातून गेली की त्या वर्षीचा त्या डबक्यातला वायतुरा संपला.

आत्याला नावांत रस नाही. तिची वाटणी सोपी: गुरं खातात ते आणि गुरं खात नाहीत ते. गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांना ती 'गोंडं' म्हणते आणि पुढं चालू लागते. तेरड्यानं सगळी उतरण गुलाबी झालेली असली तरी तिचा चेहरा बदलत नाही. कवल्याच्या पिवळ्या फुलांवर दोन तांबडे ठिपके असतात, पोरं त्याला मिकी माऊस म्हणतात, आत्यानं ते ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे उंदीरच न्हवं?" चवर मात्र तिला ओळखीची. हळदीसारखी पानं, पांढरा तुरा, आणि खाली कंद. कंद उकरून, किसून, पाण्यात निवळून त्याचं पांढरं सत्त्व काढायचे आणि उपासाला त्याची खीर करायचे. हे सांगताना तिचे हात आपोआप किसायला लागतात.

पठाराच्या कडेला पाटी आहे. 2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या 39 जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या, त्यातल्या महाराष्ट्रात चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. मी मोठ्या उत्साहानं तिला हे वाचून दाखवलं.

"वारसा?" ती म्हणाली. "मग सातबाऱ्यावर नाव कुणाचं लावलं?"

हसून सोडून देण्यासारखा प्रश्न नाही तो. आत्या बारा-तेरा वर्षांची असताना कोयनेच्या धरणाचं पाणी चढत आलं. धरण 1964 साली पुरं झालं, पण पाणी त्याच्या आधीच गावागावांच्या वेशीवर येत चाललं होतं. आमच्या घराची खालची शेतं गेली, मग घर गेलं. वडील तेव्हा लहान, त्यांना आजीनं आपल्याजवळ ठेवलं. आत्याला पाठवलं मामाकडे, पठाराच्या पायथ्याला, म्हशी राखायला. तीन पावसाळे तिनं या कातळावर काढले. डोक्यावर इरलं, हातात काठी, सात म्हशी. सातींची नावं तिला अजून येतात. माझ्या दोन भाच्यांच्या नावांत तिचा घोळ होतो.

मध्यंतरी पठाराला जाळीचं कुंपण घातलं, फुलं वाचावीत म्हणून. हेतू चांगलाच. माणसांच्या पायांखाली काय होतं ते मी त्या रविवारी बघितलं होतं. पण कुंपणानं माणसांबरोबर गुरंही थांबली. पुढं गावकरी आणि काही अभ्यासकही म्हणू लागले की गुरं चरायची बंद झाली म्हणून उंच गवत माजलं, आणि गवताखाली बारकी फुलं दबली. यावर बरीच भवती न भवती झाली. मी यातली जाणकार नाही. आत्या मात्र स्वतःला जाणकार समजते. तिचं म्हणणं असं, की म्हैस गवताचा शेंडा खाते, खुरानं भुई हलवते आणि शेण टाकून जाते. "तुमच्या फुलांना येवढंच पायजे. खुरपं घेऊन कोण येणार हाय हितं?"

कास, कासाणी, आटाळी, एकीव या गावांतली माणसं आता समितीतून पठार सांभाळतात. तिकिटाच्या टेबलावर, वाटेवर शिट्टी घेऊन, कचऱ्याच्या पोत्यांसह तीच दिसतात. त्यांच्यातल्या एका पोराला आत्यानं विचारलं, तुझ्या घरी म्हशी किती. तो म्हणाला, "एक बी नाय, आजी. मी गाईड हाय." तिनं त्याला भाकरी दिली.

आता ज्या गुरुवारचं सांगायचं म्हणून बसले तो गुरुवार. गेल्या सप्टेंबरचा. सकाळी पाऊस होता, अकरानंतर उघडला. अशा उघडिपीत पठारावर मलबारी चंडोल बोलायला लागतो, आणि तो नेमका कुठल्या दगडावर बसलाय ते शोधण्यात पंधरा मिनिटं जातात. सीतेची आसवं अशी भरात होती की दूरवरून कुणी जांभळट राख पसरलीय असं वाटावं. जवळ गेलं की एकेक फूल करंगळीच्या नखाएवढं. आत्याच्या मते सीतामाई वनवासात रडली ती इथंच. मी तिला सांगितलं की ही फुलं दिसतात तेवढी गरीब नाहीत. या रोपाला धड मुळं नसतात. ओल्या मातीत बारीक बारीक फुगे असतात, फुग्याला झाकण. एखादा सूक्ष्म जीव झाकणावरच्या केसाला लागला की पापणी लवायच्या आत झाकण उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. कातळावरच्या मातीत नत्र नाही, ते असं मिळवायचं.

आत्या बराच वेळ फुलाकडे बघत राहिली. "रडती ती आन् खाती बी," ती म्हणाली. "माझी सासू."

जेवून ती पोतं टाकून रस्त्याच्या कडेला पडली आणि मी दवबिंदू शोधायला गेले. याचं नाव ज्यानं ठेवलं त्याला नमस्कार. पाण्यानं निथळणाऱ्या दगडाच्या कडेला, तांबूस, चार बोटं उंचीचं रोप. पानं म्हणजे नुसत्या काड्या, त्यांवर केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब. ऊन चढलं की गवतावरचं दव जातं, हे थेंब जात नाहीत. ते डिंकासारखे चिकट असतात. गुडघे टेकले, मग कोपरं टेकली, शेवटी सरळ पालथी झोपले. दुकानात औषधांच्या पट्ट्यांवरच्या तारखा वाचायला मला भिंग लागतं, ते पर्समध्ये असतंच. ते काढलं.

एका पानावर चिलटासारखं काहीतरी नुकतंच बसलं होतं. बसलं म्हणजे अडकलं. मागचे दोन पाय एका थेंबात, एक पंख दुसऱ्यात. ते पंख सोडवायला जाई तसं पोट तिसऱ्या थेंबाला लागे. थेंबातून धागा निघायचा, पाकाची तार तपासताना दोन बोटांत निघतो तसा, आणि तुटायचा नाही. मी श्वास धरून होते, कारण माझ्या श्वासानंही पान हलत होतं. काही वेळानं शेजारचे केस तिकडे कलल्यासारखे वाटले. खरंच कलले का माझी मान अवघडली होती? मी एक गवताची काडी खूण म्हणून धरली आणि केसाचं टोक काडीच्या डावीकडे येतं का ते बघत बसले. आलं. किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. मधे कुठंतरी हॉर्न वाजला, दोनदा, लांब. पर्यटकांची गाडी असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. चिलटाचा एक पाय अजून हलत होता.

ती आमची परतीची गाडी होती.

रस्त्यावर आले तर आत्या पोत्यावर बसलेली. "थांबला हुता बिचारा," ती म्हणाली. "मी म्हणलं, माझी भाची निजलीय तिकडं, उठली की येईल. पण गाडीत रुग्ण हुता कुणाचा, कसं थांबणार? मी त्याला जा म्हणलं."

"तू तरी जायचंस."

"आन् तुला?"

मोबाईलला रेंज नव्हती. चूक शंभर टक्के माझी, त्यामुळं चिडायलाही कुणी नव्हतं. आम्ही कास तलावाच्या दिशेनं चालू लागलो, तिथं टपरीवर चहा तरी मिळेल आणि एखादी गाडी तरी. साताऱ्याच्या कितीतरी नळांना या तलावाचं पाणी येतं, ब्रिटिशांच्या काळापासून. उन्हाळ्यात बोर्डावर 'कासचे पाणी एक दिवसाआड' असं लिहून आलं की आमच्या गल्लीत त्याची जितकी चर्चा होते तितकी फुलांची होत नाही.

वाटेत टोपली कारवीची झुडपं होती. पालथ्या टोपलीसारखी गोल, दाट, हिरवी. ही सात वर्षांनी एकदाच फुलते. 2016 साली फुलली तेव्हा म्हणे उतारच्या उतार जांभळे झाले होते. ते बघायला मी नव्हते, तेव्हा मला गुरुवारही नव्हता. आत्या म्हणाली, तिच्या तीन पावसाळ्यांत एकदाही फुलली नाही. "तीनच वर्सं हुते. सात असते तर बघितली असती." मग थोडं चालून, "बरं झालं तीनच हुते."

चाळकेवाडीचा किस्सा मी तिला हसवायला काढला. ठोसेघरच्या पुढचं ते पवनचक्क्यांचं पठार, तिथंही आम्ही एसटीनंच गेलो होतो, मे महिन्यात. उन्हात तापलेल्या दगडावर एक सरडा मान वर करून बसलेला, आणि एकदम त्यानं गळ्याखालचा पंखा उघडला: निळा, काळा, नारिंगी. तीन सेकंद, आणि मिटला. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्याला नाव दिलं ते 'सरडा सुपर्बा'. वंशाचं शास्त्रीय नावच 'सरडा' ठेवलं, आपल्या भाषेतून उचलून. तेव्हा आत्या म्हणाली होती, "सरड्याला सरडा म्हणायला येवढी शिकल्याली माणसं लागली?" या वेळी मी तिचंच वाक्य तिला ऐकवलं. ती हसली नाही. ती रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत होती जिकडे गाडी दर गुरुवारी जाते.

"तलावाच्या फुडं मी गेलेच नाय," ती म्हणाली. "मामानं म्हशी विकल्या, मला साताऱ्याला दिली. तवापासनं फुडं नाय."

"कुणी नेलं नाही?"

"कुणी कशाला नेईल? पाणीच हाय तिथं."

धुकं आलं. कासला ते येतं म्हणजे खालून दरीतून वर चढतं, आधी गुडघ्याला लागतं. चहा झाला होता, टपरीवाला पत्रा ओढायच्या तयारीत होता. साताऱ्याकडे जाणारी एक दुधाची गाडी थांबली, तिच्यात एकालाच जागा होती. तिला जाऊ दिलं. मी मनात दुकानाच्या मालकाला काय सांगायचं ते जुळवत होते. सकाळी नऊला शटर माझ्याच किल्लीनं उघडतं.

तेवढ्यात धुक्यात दोन पिवळे दिवे दिसले. साताऱ्याकडून येणारी मुक्कामी गाडी. रात्री बामणोलीत थांबायची आणि सकाळी पहिली परत सुटायची. आत्यानं पोत्याची घडी काखेत मारली, रस्त्याच्या मधे जाऊन हात वर केला.

"आत्या, ही तिकडं चाललीय. आपल्याला खाली जायचंय."

"म्हायती हाय."

गाडी थांबली. तिनं वाकून टायर बघितला, मग ड्रायव्हर, आणि चढली. मी दारात अजून एक पाय खाली ठेवून, दुकान, किल्ली, सकाळची पहिली गाडी नऊपर्यंत पोचवेल का, असं काहीबाही बोलत होते. कंडक्टरनं विचारलं, कुठं?

"बामणोली दोन," आत्या म्हणाली आणि आधार कार्ड काढलं. "एक माझं फुकट, आन् एक हिचं अर्धं."